अख्तरच्या कोर्सीपाशी

मोझगान बाळा,

घर तापवणारा बॉयलर आजही थंडच आहे. मिस्त्रीला फोन केला, तर म्हणाला, "खानम, उद्या नक्की!" कालचाच उद्या त्याने मला पुन्हा विकला.

मी पलीकडच्या गल्लीत अख्तरकडे जाते आहे. हो, आईच्या गालिच्यावरून जिच्याशी अबोला धरला, त्याच माझ्या बहिणीकडे. सकाळी तिने शेजारणीकडून निरोप धाडला, "ताईला सांग, कोर्सी मांडली आहे. गारठून मरायचं तर मर म्हणावं, नाहीतर ये."

लहानपणी कोर्सीच्या त्या बुटक्या मेजाखाली निखारे असत, वर मोठी रजई, आणि रजईत आम्हा सगळ्यांचे पाय. बाहेर हमदानचा बर्फ पडत राही, आमची आजी डाळिंब सोलत राही, आणि गोष्ट संपून झोप कुठे सुरू झाली ते कळत नसे. अख्तरचे पाय नेहमी गार. मी ते माझ्या पायांत धरून ठेवी.

पातेल्यात आश आहे, डाळी-शेवयांचं दाट सूप. पातेलं घेऊन तूही तिकडेच ये.

मिस्त्री आज खरंच उगवला, तर त्याला चहा पाज आणि पुढच्या आठवड्यात बोलाव. घर गरम झालं, तर अख्तरकडे राहायला मला दुसरं कारण सापडायचं नाही.

तुझी आजी