तिसऱ्या मजल्यासाठी भाडेकरू पाहिजे

४ मार्च
घेतलं! तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, माझ्या एकटीच्या नावावर. जन्मभर बस आगाराच्या तिकीट खिडकीत बसून मिळालेला फंड त्यात ओतला. कारखाना बंद पडल्यापासून इथली घरं मातीमोल झालीत, म्हणून तर परवडलं. भाडं येत राहील, म्हातारपणी कोणापुढे हात पसरायला नको. हे म्हणाले, "डोक्यावर छप्पर आहे, या वयात विकतचं दुखणं कशाला?" बघायला चला म्हटलं, तर पेपर तोंडासमोर धरला. राहिलं!

१९ मार्च
कुत्रंही फिरकलं नाही. एजंटचं नाव मी 'उद्या-नक्की' ठेवलंय.

२ एप्रिल
संध्याकाळी रस्त्यावरून इमारतीकडे पाहिलं. निम्म्या खिडक्या काळ्या. पैसे बुडाले तर ह्यांना तोंड कसं दाखवू?
पण आगारात एक शिकले — रिकाम्या बसमध्ये चढायला लोक कचरतात, चार डोकी दिसली की सगळे धावतात. मग काय! पडदे लावले, दाराशी पायपुसणं टाकलं, त्यावर ह्यांच्या जुन्या चपला. आणि आत दिवा. खालून बघितलं तर घर कसं भरलेलं दिसत होतं!

११ एप्रिल
रोज दिवेलागणीला जाते. आज गॅलरीत दोन टॉवेलही वाळत घातले. आपण हुशार आहोत हे माणसाने कधीकधी मान्य करावं.

२७ एप्रिल
कपाळावर हात मारून घ्यायची वेळ! उद्या-नक्की बाजारात भेटला. "अभिनंदन, मावशी! शेवटी तुम्हीच दिलंत ना भाड्याने? मी तीन गिऱ्हाइकं परत पाठवली. म्हटलं, तिथे कुणीतरी राहतंय, टॉवेल वाळतात."
तीन! असं झापलं त्याला की भाजीवाली तोलायची थांबली.
घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला रडू येत होतं, ह्यांच्याकडे बघून हसूही फुटलं. मेलं, दोन्ही एकदम! मग म्हणाले, "चल, दाखव तरी. माझ्या चपला घालून कोण राहतंय ते बघू."
पहिल्यांदा ह्यांचं पाऊल त्या घराला लागलं. नळ सोडून बघितले, दारं ठोकून बघितली. मग गॅलरीत वाऱ्याला उभे राहिले, समोर नदीचं वळण. "ओल नाही कुठे," एवढंच बोलले. मला तेवढंही खूप झालं.

५ मे
हे आता रोज येतात. भराभर जिने चढतात. खुर्ची आणलीय, पेपर गॅलरीतच वाचतात. "गिऱ्हाईक आलं की उठेन," म्हणे.

१४ मे
गिऱ्हाईक आलं! नव्या दवाखान्यातल्या नर्सबाई, त्यांचे यजमान, दोन मुलं आणि सासूबाई. पण सासूबाई पहिल्याच मजल्यावर गुडघे धरून बसल्या. "रोज कशी गं चढू?" नर्सबाईंचं तोंड उतरलं. माझंही.
हे म्हणाले, चहा तरी घेऊन जा. आमचं बैठं घर दवाखान्याच्या मागेच. ह्यांनी स्वतः उभं राहून बांधलेलं, जीव की प्राण. सासूबाई ओसरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "असं घर मिळायला हवं होतं बघा." हे कप घेऊन आत गेले. जेवताना सारखे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता ऐकवणार — "सांगितलं होतं!"

१६ मे
सकाळी ह्यांनी आमच्या राहत्या घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "नर्सबाईंना विचारलंय मी. त्यांना हवंय. पण तू हो म्हणालीस तरच दे."
मी म्हटलं, "मग आपण राहायचं कुठे?" तर म्हणतात कसे — "तुला तिसऱ्या मजल्यावर भाडेकरू हवा होता ना? मी चालेन का?"