आईच्या नावाचं आवतण

१४ ऑक्टोबर
पोचले एकदाची! वरवट बकालहून पुढे जीपमध्ये कुणाची तरी कोंबड्यांची टोपली माझ्या मांडीवर होती, त्यामुळे सातपुड्याचं पहिलं दर्शन पिसांमधूनच झालं. रामराव आणि जनकाबाई या नवराबायकोने आपल्या घरातली मागची खोली मला दिलीय. जनकाबाईंना मॅडम जरा जाडजूड हवी होती बहुधा. मला बघताच त्यांनी आधी भाकरी-ठेचा पुढे केला.

काम सोपं आहे. इथे जिला नुसतं ‘काविळीची मुळी’ म्हणतात ती गोळा करायची, सावलीत वाळवायची आणि नागपूरला आमच्या प्रयोगशाळेत पाठवायची. तिच्यातलं कोणतं द्रव्य यकृताला उपयोगी पडतं, ते शोधायचं. आई काविळीनेच गेली, दोन वर्षं झाली. हे काम मी मागून घेतलं ते त्यासाठीच.

१६ ऑक्टोबर
मुळी अशी सरळ उपटायची नाही म्हणे. आदल्या संध्याकाळी हळद-तांदूळ वाहून तिला आवतण द्यायचं, आजाऱ्याचं नाव सांगायचं, सकाळी खणून मागे न बघता घरी यायचं. आणि ज्याचं नाव घेतलं त्यालाच ती द्यायची. लग्नघरातही एवढे सोपस्कार नसतात! मी म्हटलं, माझं आजारी कुणी नाही. जनकाबाई म्हणाल्या, "नावाबिगर ते येत नाही, मॅडम." मग मी वाकून आईचं नाव घेतलं. शालू. किती दिवसांनी मोठ्याने म्हटलं. रडू आलं, आणि बरंही वाटलं.

१७ ऑक्टोबर
मुळ्या खणून आणल्या, ओसरीत पसरल्या. जनकाबाईंनी विचारलं, शालू कोण? मी सांगितलं, आई, ती आता नाही. त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं. त्यानंतर त्या मुळ्यांच्या जवळही फिरकल्या नाहीत.

१९ ऑक्टोबर
दुपारी ओसरीतून हाक आली, "छकुले." मला छकुली फक्त आई म्हणायची. बाहेर कुणी नव्हतं. मुळ्या मात्र एका बाजूला सारलेल्या होत्या, कुणी बसायला जागा करून घेतल्यासारख्या.

२२ ऑक्टोबर
आली. तीच साडी, दवाखान्यातली, शेवटची. डोळे तसेच पिवळेजर्द. पोट धरून बसली आणि म्हणाली, "औषध आनलं म्हने तू माह्यासाठी." मी दाराकडे धावले. पण ती कण्हत होती. दोन वर्षं अशीच कण्हतेय? मरूनही थांबलं नाही?

मुळी उगाळून दिली. 

२५ ऑक्टोबर
रोज तिन्हीसांजेला येते. डोळे निवळतायत तिचे. आज भाकरी मागितली! जनकाबाई दारातून रडत सांगत होत्या, मेलेल्याचं दुखणं कुठे जात नाही, औषध देणाऱ्याच्या अंगावर येतं. "बंद कर वं माय." कशी करू? नागपूरला काहीच पाठवलं नाही. फोन वाजत राहतो.

२८
आरशात पाहिलं. माझे डोळे — हळदीसारखे. अन्नाचा वास सहन होत नाही. एकच मुळी उरलीय, नवी खणून आणायची ताकद नाही. तिला की मला —

२९
तिलाच दिली. तिच्याच नावाची होती ना.

३० की ३१ —
आई अगदी बरी झालीय. पदर खोचून माझी खोली झाडतेय. मला उठता येत नाही, पोट — पण किती छान दिसतेय ती.

म्हणते, काळजी नको करू, तिकडे आवतण देऊन आले. तुह्या नावानं. तिकडची मुळी इकडे आणता येत नाही, तुलाच यावं लागेल —

दारात उभी आहे. हात पुढे केलाय. मागे बघायचं नाही म्हणते. जनकाबाई मागून हाका मारतायत, सारख्या हाका मारतायत, पण मी —