दार उघडं ठेवून केलेला प्रयोग

प्रिय दादा,

फोन हाताशी असताना हिला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं वाटेल तुला. फोनवर मी बोलायला लागले की तू मध्येच "बरं, मग?" म्हणतोस आणि माझं मुद्द्याचं राहूनच जातं. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही.

माझी नाट्यगृहातली नोकरी कशी चाललीये, हे तू कधी विचारत नाहीस. का ते मला ठाऊक आहे. तुझी लेक लहान असताना आपण तिला बालनाट्याला नेलं होतं. नटांच्या प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द ती मोठ्यांदा परत म्हणत होती, घरी आपल्यामागे म्हणते तशीच. मागून कुणीतरी म्हणालं, "असल्या मुलांना आणतात कशाला?" तू भांडला नाहीस. तिला उचललंस, अंधारात लोकांच्या गुडघ्यांना अडखळत बाहेर पडलास. त्यानंतर तिला घेऊन तू कुठे म्हणजे कुठेच गेला नाहीस. आता ती वहिनीच्या खांद्याला लागली, तरी लग्नकार्याला वहिनी एकटीच येते आणि तुम्ही बापलेक घरी.

माझं काम म्हणजे तारखा वाटायच्या, एसीवाल्याच्या नाकदुऱ्या काढायच्या आणि रुसलेल्या नाटकमंडळींना चहा पाजायचा. यंदा मात्र मी एक हट्ट धरला. महिन्यातून एक प्रयोग असा करायचा, की ज्यांना गप्प बसणं, एका जागी बसणं जमत नाही त्यांनाही येता यावं. अध्यक्ष म्हणाले, ही नसती उठाठेव आहे. आमचे मुख्य नट तर फुगूनच बसले. प्रेक्षागृहात कुणी नुसतं खोकलं तरी त्यांचा पारा चढतो. किती मिनतवाऱ्या केल्या म्हणून सांगू! शेवटी एक प्रयोग, तोही माझ्या जबाबदारीवर, असं ठरलं.

तो गेल्या रविवारी झाला. दिवे मंद केले, पण मालवले नाहीत. वादळाच्या प्रसंगातला गडगडाट अगदी हळू ठेवला. दार सताड उघडं. दोन मुलं मधल्या वाटेने येरझारा घालत होती, एक आजोबा सारखे बाहेर जाऊन येत होते, आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग तिसऱ्या रांगेतली एक मुलगी नटांचे शब्द परत म्हणायला लागली. आमचे नट थबकले. त्यांनी पुढचं वाक्य घेतलं, तिने त्यातलाही शेवटचा शब्द उचलला. त्यानंतर मात्र प्रत्येक वाक्य संपवून ते मुद्दाम थांबायला लागले, तिचं म्हणून होईपर्यंत. शेवटपर्यंत दोघांचं असंच चाललं होतं. नंतर आत रंग पुसता पुसता ते मला म्हणाले, "बाई, शेवटच्या शब्दापर्यंत माझं कुणी ऐकतंय, याची आज पहिल्यांदा खात्री पटली."

ती कोण, हे तू ओळखलं असशीलच. आत्याकडे जातो असं तुला सांगून वहिनीने तिला आणलं. तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाला असतास. पण तेव्हापासून वहिनीला घास गोड लागत नाहीये. मला म्हणाली, "त्यांच्यापासून कधी काही लपवलं नाही गं. पण मला एकदा तिच्या शेजारी बसून नाटक बघायचं होतं." तुझ्यासमोर हे बोलायचा तिला धीर होत नाही, म्हणून मी लिहितेय. रागवायचंच तर माझ्यावर रागव. लेकीला कुणी टोचून बोलू नये म्हणूनच तू तिला जपत आलास, हे का मला कळत नाही? पण दादा, पडदा पडला तरी ती उठेना. एका बाजूला वहिनी होती, दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर हात ठेवून ती दोनदा "बाबा" म्हणाली. अख्ख्या नाटकात हा शब्द कुणीच उच्चारला नव्हता.

तुझीच,
भांडकुदळ धाकटी