मावशीच्या गच्चीकडे पाठ करून

आदरणीय हाफिददादांना कॉन्स्टंटीनहून देराजीचा सलाम.

अल्लाच्या कृपेने इकडे आम्ही सगळे बरे आहोत, आणि तिकडे लियाँमध्ये तुम्हीही बरे असाल अशी आशा आहे. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? मुलं आता तरी नीट सलाम करतात का, की अजूनही आजीचा फोन म्हटलं की फोन एकमेकांच्या हातात कोंबून पळतात? (आता आजीचा फोन येणार नाही म्हणा. मावशी, म्हणजे तुमची आई, गेल्याचं हात अजून विसरतो, वाक्य लिहून झाल्यावर आठवतं.)

तुम्ही मबरूकबरोबर पाठवलेली टीव्हीची छत्री आणि रिसीव्हर पोचले, त्याबद्दल आभार. मावशीच्या दफनाला तुम्हाला येता आलं नाही, चाळिसाव्यालाही सुट्टी मिळाली नाही, म्हणून तुम्ही माझ्या आईसाठी, म्हणजे तुमच्या मावशीसाठी, ही भेट पाठवलीत. तुमचं मन मोठं आहे. छत्रीला मात्र पोचे आले आहेत. मबरूक म्हणतो ते बोटीवर आले. त्याची बायको म्हणते की बोटीवर एका कुटुंबाने तीत परातीसारखा कुसकुसचा सांजा कालवला. मला बायकोचं खरं वाटतं, कारण स्क्रूच्या भोकातून दोन हरभरे निघाले.

आईचं तुम्हाला फोनवर नीट सांगितलं नव्हतं, ते आता सांगतो. बहीण गेल्यापासून ती बोलतच नव्हती. सुतकाच्या घरी टीव्हीवर पांढरी चादर घालतात तशी आम्हीही घातली, आणि ती त्या चादरीसमोर बसून राहिली. शोरबा पुढे ठेवला की वाटी हाताने मागे सारायची. तुम्हाला आठवत असेल, दोघी बहिणी आपापल्या घरात, मधल्या एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसून एकच इजिप्शियन मालिका बघायच्या. मालिका सुरू झाली की आई कॉफीच्या भांड्याच्या दांड्याने भिंतीवर दोनदा ठोकायची, पलीकडून मावशी दोनदा ठोकायची, आणि मग तासभर भिंतीतून इजिप्तमधल्या सुनांचा उद्धार चालायचा. चाळिसावं झालं, चादर काढली, टीव्ही लावला, तर पडदा निळाशार. वाऱ्याने जुनी छत्री गच्चीवरून घरामागच्या दरीतच नेली होती. डॉक्टर म्हणाले, म्हातारीला काहीतरी गोडी लागली पाहिजे, नाहीतर ती बहिणीमागोमाग जाईल. म्हणून, दादा, ही छत्री लावणं म्हणजे माझ्या आईला या जगात ठेवणं होतं. मी गंमत करत नाही. (बाकीच्या पत्रात करतो आहे, पण इथे नाही.)

रिसीव्हर लावणं सोपं असतं असं डब्यावरच्या चित्रातला हसरा माणूस सांगतो. मी दुसरंच बटण दाबलं आणि सगळा कारभार अशा लिपीत गेला की जिची अक्षरं खिडक्यांसारखी दिसतात. बायको म्हणाली, "मास्तर, जन्मभर भूगोल शिकवलात, हा कुठला देश ते तरी सांगा." नुआराला असल्या वेळीच विनोद सुचतात. शेवटी अंदाजाने दाबत दाबत सिग्नलच्या पट्टीपर्यंत पोचलो. पट्टी रिकामी. आता वर जाऊन छत्री फिरवायची, नुआराने खाली टीव्हीपाशी उभं राहून ओरडायचं, असं ठरलं.

दुपार सरत होती, दरीतून धुकं वर आलं होतं. गच्चीच्या शेवटच्या पायरीवर थांबून मी सवयीने ओरडलो, "वाट! वाट द्या!" गच्ची बायकांची. पुरुषाने न ओरडता वर जायचं नाही, आणि पलीकडच्या बायकांनी डोकं झाकून "ये" म्हटल्याखेरीज पाऊल टाकायचं नाही, हे आपल्या दोघांच्या कानाखाली मावशीनेच लिहून ठेवलं आहे. आता बाजूच्या गच्चीवर कोण असणार? मावशीचं घर बंद, किल्ली तुमच्याकडे लियाँला. पण सवय ती सवय. मी ओरडलो आणि गाढवासारखा थांबून राहिलो.

आणि पलीकडून आवाज आला, "ये बाळा, आमचं झाकून झालंय."

दादा, आपल्या दरीत आवाज फिरतात. पुलावर कोणी शिंकलं तर आपल्या स्वयंपाकघरात आपण त्याला दुआ देतो. तेव्हा कुठल्यातरी दुसऱ्या गच्चीवरची कोणी बाई कोणा दुसऱ्या बाळाला बोलली असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि रीतीप्रमाणे शेजारच्या गच्चीकडे पाठ करून, दरीकडे तोंड करून कामाला लागलो. छत्रीचा खांब नेमका दरीकडच्या कठड्यालाच आहे, त्यामुळे वळून बघायचं कारणही नव्हतं. (आणि धैर्यही नव्हतं. पण कारण नव्हतं हे आधी लिहिलेलं बरं.)

मी छत्री दक्षिणेला धरली. निदान मला ती दक्षिण वाटली. "आलं का?" म्हणून ओरडलो. "नाही," उत्तर आलं. थोडी फिरवली. "आता?" "उगाच घाई करू नकोस. अंगठ्याएवढी उजवीकडे घे." नुआरा आज माझ्याशी एवढी गोड कशी बोलते आहे, याचं मला नवल वाटलं. मी अंगठ्याएवढी उजवीकडे घेतली. "गेली पुढे. मागे आण. खालून थोडी उचल, आपण परातीतली भाकरी उचलतो तशी, अलगद." संत्र्याच्या फुलांचा वास येऊ लागला, फुलांचं पाणी काढायला तांब्याचं भांडं चुलीवर चढवल्यावर येतो तसा कोमट. दिवस फुलांचेच आहेत, सगळा गाव पाणी काढतो, वास येणारच. पण एवढ्या जवळून? "बस्स. आता हात काढ. आलं. मला भिंतीतून ऐकू येतंय."

मी नट आवळत होतो. शेवटच्या वाक्यावर पाना हातातून सुटला आणि जुन्या छत्रीच्या भेटीला दरीत गेला.

खाली आलो तर नुआरा स्वयंपाकघरात, कोपरापर्यंत पिठात. म्हणाली, "मी केव्हाची इथे आहे. शोरबा उतू जात होता. तुम्ही वर एकटेच बडबडत होतात." आणि टीव्हीवर चित्र होतं, काचेसारखं स्वच्छ. मालिका नुकतीच सुरू झाली होती. आईने पडद्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. हात लांबवून कॉफीचं भांडं उचललं आणि दांड्याने दोनदा ठोकलं. मला वाटलं आता ती रडेल. मीच रडायच्या बेतात होतो.

पलीकडून दोनदा ठोकल्याचं उत्तर आलं.

मी म्हणालो, मांजर असेल. नुआरा म्हणाली, "मांजर काय दोनदा ठोकून थांबतं होय?" आई मात्र बोलली. इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकला. म्हणाली, "शोरब्यात कोथिंबीर कमी पडलीय," आणि वाटी रिकामी केली. त्या दिवसापासून ती रोज जेवते, रोज ठोकते, आणि मालिकेतल्या सासूला भिंतीतून शिव्या देते. मधेच गप्प होऊन ऐकते, मग हसते. आम्हाला पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही. आम्ही ते ऐकायला कानही लावत नाही, ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जेवतो.

तर छत्री उत्तम चालली आहे. चॅनेल भरपूर दिसतात. मावशीच्या घराला तुम्ही पाठवलेलं गिऱ्हाईक येऊन बाहेरून बघून गेलं. भला माणूस दिसतो. गच्चीवर उंच भिंत घालून शेजार बंद करणार म्हणाला, आणि घरातली मधली भिंतही पाडून नवी, जाड बांधणार. चांगलं आहे. आजकाल जाड भिंतीच बऱ्या.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद. पत्राला उत्तर द्या. गुडघ्याला ऑलिव्हचं तेल कोमट करून लावा.

तुमचा धाकटा मावसभाऊ,
देराजी

ता. क. पाना दरीत गेला आहे. कोणी येणार असेल तर एक पाठवा.

ता. क. दुसरं. वर भला माणूस लिहिलं आहे, ते खोडता येत नाही म्हणून राहिलं. त्याला घर देऊ नका. भिंत गेली तर आई जाईल.

ता. क. तिसरं. हे लिहिणार नव्हतो, पण नुआरा डोक्याशी उभी आहे. गच्चीवरचा आवाज मी तुम्हाला पुरता सांगितला नाही. आपल्याकडे गच्चीवर येणारा "वाट" एवढंच ओरडतो, स्वतःचं नाव सांगत नाही, आणि वर पाठ फिरवलेली, चेहरा दिसत नाही. चूक कोणाचीही झाली असती. नुसतं "ये बाळा" नव्हती ती म्हणाली. ती म्हणाली, "हाफिद, आलास? ये बाळा." आणि मी, दादा, नाही म्हणू शकलो नाही. "हो आई," म्हणालो. आता रोज मालिका संपली की भिंतीतून नाही, वरून हाक येते, हाफिद, जेवलास का? खाली माझी आई माझ्याकडे बघते, आणि मी जिन्यात जाऊन "जेवलो" म्हणून येतो. काल वरून मावशीने विचारलं, "आवाज असा का रे झाला तुझा?" किल्ली घेऊन या. शेवटच्या पायरीवर थांबा, ओरडा, आणि एकदा तुमच्या आवाजात "जेवलो" म्हणून सांगा.