शिलाई मशीन देऊन आणलेला मिक्सर

अहो,

बाळ तुमच्या कुशीत झोपलंय, म्हणून दोघांनाही उठवलं नाही. मिक्सर परत करायला दुकानात चाललेय. ‘जुनी मशीन द्या, सूट मिळवा’ म्हटल्यावर तुम्ही माझी शिलाई मशीन देऊन मोकळे झालात. ती बंद पडली नव्हती हो, बाळामुळे झाकून ठेवली होती. पुढच्या महिन्यात पुन्हा शिवणकाम घेणार होते. समोरच्या दुकानात हाच मिक्सर तेवढ्यालाच मिळतो, काहीही न देता. तुम्ही मशीन दिलीत तिथलं जुनं सामान दुपारी भंगारात जातं, त्याआधी पोचायला हवं. पावती तुम्ही फेकलीत, तेव्हा मशीन भांडूनच आणेन.

बाळ उठलं की दूध कोमट करा. पाजण्याआधी मनगटावर थेंब टाकून बघा. मशीन देताना मला विचारलं नाहीत, निदान एवढं तरी बघा.