मूळ की नंतरचे

३ मार्च, सोमवार

फीत पुन्हा निसटली! दुसरं टोक धरून रखवालदार उभा होता, त्याला नेमकी तेव्हाच शिंक आली. तीस मीटरची फीत. अकरा वेळा टाकायची, दर वेळी खडूने रेघ मारायची. पहिल्या खेपेला तीनशे बारा मीटर भरले, दुसऱ्या खेपेला तीनशे नऊ. तिसऱ्या खेपेला रेघा पुसल्या गेल्या, कारण रखवालदार त्यांवरूनच चालत आला. म्हणतो, “मॅडम, शेड काही वाढत नाही. तुम्हीच दमताय.”

तीनशे अकरा लिहिले. कारखाना चालू होता तेव्हा ही शेड कुणी मोजली नव्हती. दोर लांब वळायचा, म्हणून शेड लांब. एवढं पुरत होतं.

४ मार्च, मंगळवार

संग्रहालयाच्या साहेबांना तिसऱ्यांदा समजावलं. दोर वळायची आपली यंत्रं जगात तीनच उरली आहेत. कारखानदार एक, साल एक. तिन्ही तीन देशांत. जागतिक वारशाच्या यादीसाठी तिघांचा मिळून एक अर्ज. तो मंजूर झाला तर यंत्र वाचेल, यंत्रासाठी शेड वाचेल. नाही झाला तर एक तारखेला नगरपालिका शेड पाडून तिथे गाड्या लावायची जागा करणार. त्यांचा नकाशाही तयार आहे.

साहेब म्हणाले, “म्हणजे पुरस्कार आहे का?”

नाही.

“मग उद्घाटन तरी?”

६ मार्च, गुरुवार

धाकटीवाल्यांचं पत्र आलं. (तिन्ही यंत्रांना आम्ही थोरली, मधली, धाकटी म्हणतो. मधली आमची.) पत्राचं भाषांतर कुणी केलं देव जाणे. “आपल्या यंत्रात किती वाकडेपणा आहे, तो कळवावा.” पाऊण तास डोकं खाजवलं. मग कळलं — पीळ! हातभर दोराला किती पीळ पडतात, ते विचारताहेत.

घरी जेवताना वाचून दाखवलं. आई म्हणाली, “यंत्राचं मला माहीत नाही. ह्यांच्यात किती आहे ते कळव.”

बाबा हसले नाहीत. त्यांनी पत्र मागून घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, परत दिलं. “हाताला सात,” म्हणाले. “ओल्या धाग्याला सहा.” आणि वाढून घेतलं.

९ मार्च, रविवार

अर्जातला रकाना चौदा. यंत्राच्या एकेचाळीस मुख्य भागांची यादी, आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न: मूळ की नंतरचे? निम्म्याहून अधिक भाग मूळ नसतील तर अर्ज विचारात घेतला जाणार नाही.

हा रकाना धाकटीवाल्यांनी घातला. त्यांना काय! त्यांची धाकटी पेटीतून बाहेर आलीच नाही. मागवली, कारखाना बुडाला, पेटी तशीच राहिली. सगळं मूळ. बसून खाल्लं आणि रंग राखला.

११ मार्च, मंगळवार

उंच बाई आल्या. थोरलीच्या देशातून. यंत्रांची जपणूक हे त्यांचं काम. दारातून वाकून आत येतात. बरोबर दुभाषी, त्याला सर्दी.

आणि साहेबांनी काय केलं! पाहुणे येणार म्हणून कालच सोडा टाकून फरशी घासून घेतली. चाळीस-पन्नास वर्षांचं तेल मुरलं होतं तिच्यात. माणसं उभी राहून राहून यंत्राभोवती काळे गोल पडले होते. एकेका माणसाची जागा सांगता यायची. मी त्यांचे फोटो काढणार होते — उद्या.

उंच बाई बराच वेळ खाली बघत राहिल्या. मग दुभाष्यामार्फत विचारलं, “तेल कुठे गेलं?”

साहेब म्हणाले, “अगदी आरसा केलाय, मॅडम!”

दुभाष्याने याचं भाषांतर केलं की नाही, कळलं नाही. शिंकला मात्र.

१२ मार्च, बुधवार

उंच बाई दिवसभर यंत्राखाली. भिंग, बॅटरी, ब्रश. संध्याकाळी गुडघे झटकत उठल्या. त्यांना मूळ काय आणि नंतरचं काय, ते ओळखता येत नाही. प्रत्येक भागावर ठोकलेले आकडे कारखानदाराच्या नकाशाशी जुळतात. पण चाकांच्या आसांची झीज जुळत नाही. यंत्र इतकी वर्षं चाललं असेल तर आस इतका कमी झिजलेला असूच शकत नाही, म्हणतात.

“शेवटी याची देखभाल कोण करायचं?”

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “ह्यांचे वडील! अडतीस वर्षं फिटर!” जणू बाबांना साहेबांनीच नेमलं होतं.

१३ मार्च, गुरुवार

बाबांना विचारलं. एक तास चला, कुठलं मूळ, कुठलं बदललेलं, एवढं सांगा.

“मूळ झाडाला असतं. यंत्राला दात असतात.”

बाबा, अर्ज आहे.

“मग भर की. शिकलीस ना?”

१५ मार्च, शनिवार

पुन्हा तेच. आज गुडघा दुखतो. परवा डोळ्यांना दिसत नव्हतं. काल तर म्हणाले, आठवत नाही. ज्या माणसाला ओल्या धाग्याचा पीळ आठवतो!

आईला म्हटलं, तू तरी सांग. ती म्हणाली, “मी? त्या सवतीबद्दल मी ह्यांच्याशी एक शब्द बोलत नाही. निवृत्त झाले त्या दिवसापासून आमचा तह आहे.” आणि शेंगा सोलत बसली.

मी चिडले. म्हटलं, तुमचा तह आणि माझी नोकरी! बाबा उठून आतल्या खोलीत गेले. गुडघा अजिबात दुखत नव्हता.

१७ मार्च, सोमवार

आज सांगितलं.

मी विचारलंसुद्धा नव्हतं. बुटाची नाडी बांधत होते. दाराशी मी पिशवी घेऊन उभी होते. पाठमोरे म्हणाले, “पाटी सोडून.”

काय पाटी सोडून?

“कारखानदाराच्या नावाची पितळी पाटी आहे ना समोर? ती सोडून. बाकी सगळं मी बदललंय.”

मला वाटलं, चिडवताहेत. मग त्यांनी तोंड वळवलं.

परदेशातून भाग येणं पहिल्या पाच वर्षांतच थांबलं होतं. एक चाक झिजलं की बाबा त्याचा लाकडी साचा करायचे, ओतून आणायचे, घासायचे. जुन्यावर जो आकडा ठोकलेला असेल तोच नव्यावर. मी म्हटलं, आकडा कशाला? तो ठोकला नसता तर आज ही वेळ आली नसती! ते माझ्याकडे बघत राहिले, जणू मीच वेडी. “आकडा नसेल तर पुढचा माणूस बसवेल कुठे?”

एकेचाळीस भाग. एकेचाळीस.

मग म्हणाले, “पाटीपण एकदा पडली होती. स्क्रू माझे आहेत.”

नाडी बांधून फिरायला गेले.

त्याच दिवशी, दुपारी

नियम पुन्हा वाचला. निम्म्याहून अधिक. आमच्याकडे एकही नाही; पाटी यादीत धरत नाहीत.

खरं लिहिलं तर शेड पडते. खोटं लिहिलं तर बाबा तिथे कधी नव्हतेच. अडतीस वर्षं कुणीतरी नुसतं तेल घातलं.

उंच बाई शेजारच्या टेबलावर संत्रं सोलत होत्या. त्यांनी अर्धं माझ्यापुढे केलं. मी अर्जावर हात ठेवून बसले. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलीसारखी.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी बाबा तयार होऊन बसलेले. इस्त्रीचा शर्ट. “चल, खुणा करून देतो.”

वाटेत मी एकच विचारलं: काय सांगणार आहात?

“जे हवंय ते.”

शेडमध्ये साहेब, उंच बाई, दुभाषी, रखवालदार. उंच बाईंनी खडू दिला. मूळ असेल तर गोल, नंतरचं असेल तर फुली. बाबा यंत्रापाशी गेले. नऊ वर्षांनी. मला वाटलं होतं, हात फिरवतील, थांबतील. काही नाही. पोस्टातला माणूस शिक्के मारतो तसे गोल काढत सुटले. मोठं दातेरी चाक — गोल. आस — गोल. तीन पेड एकत्र येतात ते तोंड — गोल. ते तोंड ओतताना त्यांचा पाय भाजला होता. चट्टा अजून आहे. मी लहानपणी त्यावर बोट ठेवून नदी नदी खेळायची. त्याच पायावर उभं राहून त्यांनी गोल काढला!

एकेचाळीस गोल. मग त्यांनी खडू परत दिला आणि हात झटकले.

“सगळं मूळ,” म्हणाले. “आम्ही फक्त तेल घालायचो.”

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

येताना बाबा मजेत होते. केळी घेतली. शेड पाडायला आता कोण येतं ते बघू, म्हणाले. मला खोट्याचा राग नाही. ते ज्या सराईतपणे बोलले त्याचा आहे. घरी आईने विचारलं, झालं का तुमच्या सवतीचं? — तुमच्या म्हणाली, माझ्या नाही — तेव्हा बाबांनी नुसतं केळं सोललं.

१९ मार्च, बुधवार

आज सही करायची होती. एकेचाळीस ओळींपुढे मूळ, मूळ, मूळ लिहिलं. सतराव्या ओळीला शब्दाचा अर्थ गेला. नुसती अक्षरं. तरी लिहीत राहिले. खाली नोंद करणाऱ्याची सही. तेवीस वर्षं नोंदी ठेवते आहे. एकही खोटी नाही. निदान जाणूनबुजून नाही.

पेन उघडलं, तर उंच बाई समोरच्या खुर्चीवर येऊन बसल्या. दुभाष्याला हाक मारली. काहीतरी लांबलचक बोलल्या. तो नाक पुसत ऐकत होता आणि मधेच हसायला लागला. मला म्हणाला, “थांबा, नीट सांगतो.”

त्यांच्याकडचा म्हातारा फिटर. थोरलीवर चव्वेचाळीस वर्षं. त्याच्याही हातात असाच खडू दिला होता. त्यानेही सगळ्यावर गोल काढले.

मी पेन मिटलं.

“बाई म्हणतात, त्यांना तेव्हाच कळलं. खरं सांगणाऱ्याला निदान एक तरी भाग आठवत नाही. हा कुठे अडखळलाच नाही. तुमचे वडीलही काल अडखळले नाहीत.”

मग? मी विचारलं. आवाज जरा चढलाच. मग तुम्ही काय केलंत? अर्ज मागे घेतलात?

उंच बाईंनी मान हलवली. दुभाषी म्हणाला, “मग त्यांनी त्याच्या बायकोला विचारलं.”

थोरलीच्या कागदांतला रकाना चौदा त्यांनी खोडला. त्याजागी नवी यादी जोडली: कोणता भाग, कुणी केला, केव्हा, का. धाकटीवाले चार तास भांडले. शेवटी मानले, कारण थोरली गळली असती तर तिघींचा अर्जच उरला नसता. आता आमचीही यादी तशीच गेली तर दोघींच्या जोडीने नियमच बदलेल. खोटी गेली, आणि पुढे कधी कुणी आसांची झीज मोजली, तर दोघीही जातील.

“तुमच्या आई कुठे असतात?”

घरी असते, म्हटलं. पण तिला त्यातलं काही कळत नाही.

दुभाष्याने हे सांगितलं. उंच बाई बऱ्याच हसल्या. म्हणाल्या, तिकडच्या फिटरच्या मुलानेही हेच सांगितलं होतं.

संध्याकाळी आईला सांगितलं, उद्या तुझ्याकडे पाहुणे येताहेत. “माझ्याकडे? अगं, मला काय विचारणार? मी त्या शेडचा उंबरासुद्धा ओलांडला नाही कधी.” मग थोड्या वेळाने, भांडी घासता घासता: “सगळं सांगायचं का? की थोडं?”

सगळं, म्हटलं.

बाबा वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटलं नाही त्यांनी बराच वेळ.

२० मार्च, गुरुवार

साडेआठला उंच बाई आणि दुभाषी आले. बाबा आतल्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं. आईने चहा केला, पदराला हात पुसले आणि खुर्चीच्या काठावर बसली. मी वही उघडली.

आई म्हणाली, “लिही. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी माणूस बोलवायला आला. मोठं चाक फुटलं होतं, डावीकडचं. हे गेले ते पाचव्या दिवशी आले.”

दार किलकिलं झालं.

“उजवीकडचं,” आतून बाबा म्हणाले.