माझ्याकडे कुणी पडत नाही

४ मार्च
आणि वर मलाच विचारते, "मावशी, हिला उडी का मारता येत नाही?" मी काय बेडूक आहे? ही मुंगीची आई. बालवाडीच्या मॅडम म्हणाल्या म्हणे, बाकीची पोरं उड्या मारतात, बॉल झेलतात, ही नुसती उभी. अगं बाई, पाळणाघर चालवते मी, सर्कस नाही! माझ्याकडे आजवर एकाही पोराला खरचटलेलं नाही. जेवण झालं की सगळी खुर्चीत, पट्टा लावून, समोर टीव्ही. ही पोरगी आली तेव्हा ओट्यावर चढायची, म्हणून तर मुंगी. आता ठेवलं तिथे बसते. कुणी केलं हे?

६ मार्च
उद्यापासून रोज खेळ. ठरलं म्हणजे ठरलं.

७ मार्च
बॉल आणला. टीव्हीला लागेल म्हणून कपाटावर ठेवला.

९ मार्च
उडी शिकवली. बसूनच. आधी तोंडी तर येऊ दे. "उडी म्हणजे काय?" सगळी ओरडली, "दोन्ही पाय वर!" मुंगीचा आवाज सगळ्यात मोठा. हुशार आहे कार्टी.

१२ मार्च, दुपारी
पट्टे सोडले. मुंगी उठेचना. म्हटलं, जा की, खेळ. तिनं आपला आपणच पट्टा ओढून घेतला. याला म्हणतात वळण. तेवढ्यात दुसरा एक खिडकीत चढायला लागला, माझा जीव खालीवर. परत सगळ्यांना बांधलं. खेळ सोमवारपासून.

१६ मार्च
मुंगी पडली. माझ्याकडे नाही, तिच्या घरी. दाराची एक पायरी फक्त. पुढचे दात गेले, ओठ शिवला. मी तिच्या आईला फोनवर स्पष्ट सांगितलं, "बघा, तुमच्याच घरी पडली." आई नुसती रडत होती.

१९ मार्च
आई एकटीच आली, मुंगीचे कपडे न्यायला. म्हणाली, डॉक्टर सांगतात, पडताना पोरं हात पुढे टाकतात, आणि ते पडून पडूनच येतं. हिनं टाकलेच नाहीत. "तळहाताला साधं खरचटलंसुद्धा नाही, मावशी. सरळ तोंडावर." मी म्हटलं, ते काय शिकवावं लागतं? बाकीच्या आया दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

२१ मार्च
कुणीच आलं नाही. सर्दीची साथ असेल. खुर्च्या पुसल्या. मुंगीच्या पट्ट्याचं टोक चावून चावून फाटलंय.
गादी अंथरली आणि मुद्दाम अंग पुढे झोकून दिलं. हात आपसूक आधी टेकले. मला कुणी शिकवलं होतं?
तिच्या आईला मेसेज टाकला: खुर्चीला नवीन पट्टा लावलाय, मऊ आहे. मुंगीला पाठवणार की नाही? शुक्रवारपर्यंत काय ते सांगा.